प्रवासी घड्याळाचे टोले

घड्याळावर बोलणार असे आम्ही कळविले तेव्हा व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी साहजिकच विचारले, "म्हणजे कामाच्या तासांवर ना?" युनियनचा माणूस व्यासपीठावर चढला की तास, पगार आणि महागाईभत्ता यांपलीकडे जावयाचा नाही, अशी लोकांची समजूत आहे आणि ती अगदीच खोटी आहे असे आम्हांला म्हणवत नाही. पण आजचा विषय खरोखरीचे घड्याळ हाच आहे. फ्रान्समध्ये घडलेले, वीतभर उंचीचे, पितळी चौकटीचे, चारही बाजूंनी आणि वरूनही काच असलेले, उचलून न्यावयास डोक्यावर कडी असलेले टोल्याचे घड्याळ. इंग्रज त्याला कॅरेज क्लॉक म्हणतात. आपण त्याला प्रवासी घड्याळ म्हणू. जुन्या वस्तूंच्या बाजारात आज त्याला मोठी किंमत येते, आणि ती किंमत पुष्कळदा तबकडीवरच्या नावावर ठरते. ते नाव कोणाचे असते आणि आतले काम कोणाचे असते, हे एकदा नीट पाहावे असे आम्हांला वाटले.

आरंभ आपल्याच शब्दापासून करू. 'तास' हे आज आपल्याकडे वेळेचे माप आहे. पण तास म्हणजे मुळात काशाची जाड थाळी. ती टांगून ठेवीत आणि मोगरीने तिच्यावर टोला हाणून वेळ कळवीत. वेळ मोजावयाची ती घटिकापात्राने. पाण्याच्या घंगाळात तळाला बारीक छिद्र असलेली वाटी सोडावयाची. ती भरून बुडाली की एक घटका झाली. घटका म्हणजे आजची २४ मिनिटे, आणि अहोरात्र मिळून अशा ६० घटका. 'घटका भरली' हा वाक्प्रचार तेथलाच, आणि घड्याळ हा शब्दही त्याच घराण्यातला. आता यात एक माणूस आहे, त्याच्याकडे कोणी पाहत नाही. वाटी बुडताच ती उचलून पुन्हा पाण्यावर सोडणारा आणि तासावर टोला मारणारा तो माणूस रात्रभर जागाच असावयाचा. वाडा झोपलेला आणि हा वाटीकडे डोळे लावून बसलेला! रात्रपाळी ही गिरण्यांनी आणली असे आम्ही सभांतून सांगतो, पण ती त्याहून पुष्कळ जुनी आहे.

युरोपात हे टोला मारण्याचे काम यंत्राने उचलले. टोल्याच्या घड्याळात खरे तर दोन यंत्रे शेजारी शेजारी असतात. एक काटे चालविते, दुसरे तास वाजविते. दोघांना वेगवेगळी शक्ती, वेगवेगळी चाके आणि चावी देण्याची वेगवेगळी भोके. मनोऱ्यावरच्या घड्याळात ही शक्ती खाली उतरणाऱ्या वजनांची. घरातल्या घड्याळात गुंडाळलेल्या पोलादी पट्टीची, जिला आपण कमान किंवा स्प्रिंग म्हणतो. ही शक्ती एकदम ओसरून जाऊ नये, एकेका दात्याने सुटावी, यासाठी तिला अडविणारे काहीतरी लागते. डच शास्त्रज्ञ हायगेन्स याने १६५६ च्या अखेरीस त्या कामी लंबक लावला आणि घड्याळे एकाएकी मिनिटामिनिटाला खरी झाली. पण लंबकाला स्थिर भिंत हवी. तेच घड्याळ बग्गीत ठेवा, खडकाळ रस्त्यावर चार धक्के बसले की ते बंद. मग प्रवाशाने काय करावे? खिशातल्या घड्याळात लंबकाच्या जागी मागेपुढे फिरणारे छोटे चाक असते आणि केसासारखी बारीक कमान ते परत आणते. प्रवासी घड्याळाची सारी युक्ती एवढीच, की खिशातल्या घड्याळाचे हे चाक मोठ्या यंत्राच्या डोक्यावर आडव्या पाटीवर बसवावयाचे. वरच्या काचेतून ते फिरताना दिसते. मुलांना घड्याळाची ओढ लावावयाची असेल तर हे एक चाक त्यांना दाखवावे.

ही युक्ती पॅरिसमध्ये नावारूपास आणली ती अब्राहम-लुई ब्रेगे याने. हा जन्माने स्विस, १७४७ चा. १७९८ साली इजिप्तच्या स्वारीवर निघण्यापूर्वी बोनापार्ट नावाच्या तरुण सेनापतीने त्याच्याकडून असे एक प्रवासी घड्याळ घेतले. त्यात तारीख दिसे, आणि कळ दाबली की वेळ वाजून कळे. सेनापतीला अंधाऱ्या तंबूत दिवा न लावता वेळ समजली पाहिजे, हे उघड आहे.

येथे थोडे आडवाटेला जातो. ज्या काळात ब्रेगे काम करीत होता, त्याच काळात फ्रान्सच्या क्रांतिकारकांनी घड्याळच बदलण्याचा घाट घातला होता. १७९३ साली त्यांनी दिवसाचे १० तास, तासाची १०० मिनिटे असे नवे माप काढले. गंमत अशी की तो नवा तास आजच्या १४४ मिनिटांचा, म्हणजे बरोबर आपल्या सहा घटकांचा होतो. पॅरिसच्या लोकांना हे कोणी सांगितले नसावे! तशी घड्याळेही काही कारागिरांनी केली, पण १७९५ सालीच हा हुकूम गुंडाळावा लागला. त्याबरोबर आलेले पंचांग मात्र १८०५ अखेरपर्यंत टिकले, आणि त्यात आठवडा काढून दहा दिवसांचा दहावडा घातला होता. कष्टकऱ्याच्या दृष्टीने त्याचा अर्थ काय झाला? सात दिवसांनी येणारी सुट्टी दहा दिवसांनी येऊ लागली. राजाचे डोके उडविणाऱ्या क्रांतीवर आमचे प्रेम आहे, परंतु हा हिशेब आम्ही तिच्या नावावर मांडून ठेवला आहे. आमच्या नारायण मेघाजी लोखंड्यांना मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी आठवड्याची एक सुट्टी मिळविण्यास १८९० साल उजाडावे लागले. तेव्हा सुट्टीचे मोल आम्हांला कोणी शिकवावे असे नाही.

असो. ब्रेगेची घड्याळे एकेक करून घडत आणि ती राजेरजवाड्यांनाच परवडत. १८३० नंतर पॅरिसच्याच पॉल गार्निए याने यंत्र सोपे केले, चौकट साधी केली आणि एकाच नमुन्याची पुष्कळ घड्याळे काढण्यास सुरुवात केली. व्यापाऱ्याला आणि डॉक्टरला घेता येईल असे प्रवासी घड्याळ तेथून सुरू झाले.

आता टोल्याचे यंत्र. सातला सात आणि आठला आठ टोले पडावयाचे हे घड्याळाला कळते कसे? जुनी रीत अशी, की एका चाकाच्या कडेला खाचा पाडावयाच्या, त्यांतील अंतर वाढत जाणारे. एका खाचेतून दुसऱ्या खाचेत जाईपर्यंत हातोडी वाजत राहते. सुरुवातीच्या पुष्कळ प्रवासी घड्याळांत हीच रीत होती. तिचा दोष असा की हे चाक काट्यांकडे पाहत नाही. ते आपले क्रमाने पुढच्या आकड्यावर जाते. कोणी काटे भलतेच फिरविले की काटे तीनवर आणि टोले पाच! नंतरची रीत अधिक शहाणी. तासकाट्याबरोबर फिरणारी एक चकती असते, तिला बारा पायऱ्या, शंखासारख्या उतरत गेलेल्या. वेळ झाली की एक दातेरी पट्टी त्या चकतीवर पडते. पायरी जितकी खोल तितके दाते मोकळे, आणि जितके दाते मोकळे तितके टोले. टोले काट्यांना बांधलेले असल्याने चुकत नाहीत, आणि दुसरा लाभ असा की हवे तेव्हा पुन्हा वाजविता येतात. घड्याळाच्या माथ्यावर पुढच्या कडेला एक बारीक कळ असते. मध्यरात्री जाग आली, हात लांबवून ती दाबली, की मागचा तास घड्याळ पुन्हा वाजून दाखविते. काडी शोधा, दिवा लावा, चष्मा चढवा, असा खटाटोप नाही. आज मोबाइल उशाशी असतो आणि त्याच्या उजेडाने झोप मोडते. त्यापेक्षा ही कळ आम्हांला बरी वाटते.

साध्या टोल्याच्या घड्याळात तासाला तितके टोले आणि अर्ध्या तासाला एक. आता हिशेब करा. एक ते बारा मिळवले की ७८, दिवसरात्र मिळून १५६, त्यात अर्ध्या तासांचे २४. म्हणजे दिवसाला १८० टोले, आणि एकदा चावी दिली की घड्याळ आठ दिवस चालते म्हणून १,४४० टोले. हे सारे एका गुंडाळलेल्या पट्टीच्या बळावर! काही भारी घड्याळे याहून पुढे जातात. दर पाव तासाला ती पावाचे टोले देतातच, पण त्याबरोबर पूर्ण तासही पुन्हा वाजवितात. त्यांना नुसत्या तासांचेच दिवसाला ६२४ टोले द्यावे लागतात. अशा घड्याळांच्या बुडाला एक कळ असते. तिने सगळे टोले, थोडे टोले किंवा शांतता, यांतले हवे ते निवडता येते. पूर्वी आवाज छोट्या घंटीचा असे, पुढे तिच्या जागी गुंडाळी केलेली पोलादी तार आली. तिचा नाद मऊ असतो. नाशिकला नारोशंकराची घंटा वाजली की ती गोदेच्या दुसऱ्या काठाला ऐकू जावी, हा एक प्रकार. ही तार वाजली तर शेजारच्या खोलीतल्या माणसाची झोप मोडू नये, हा दुसरा.

ही घड्याळे घडत कोठे? तबकडीवर पाहाल तर लंडन, पॅरिस, कलकत्ता अशी शहरे आणि तेथील पेढ्यांची नावे दिसतील. त्यांतली बहुतेक नावे विकणाऱ्यांची. यंत्राचा सांगाडा बहुधा नॉर्मंडीतल्या एका खेड्यात तयार झालेला असे. सँ-निकोला-दालिएरमाँ हे त्याचे नाव. द्येप बंदराजवळचे, एका लांब रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पसरलेले. घड्याळाचा धंदा तेथे अठराव्या शतकापासून होता, पण क्रांतीच्या आणि युद्धांच्या धामधुमीत तो बसला. १८०७ साली पॅरिसचा ओनोरे पोंस हा कारागीर सरकारच्या उत्तेजनाने तेथे गेला, चाके कापण्याची यंत्रे त्याने बसविली आणि गाव पुन्हा उभे केले. घराघरांतून आणि छोट्या कारखान्यांतून कोणी चाके कापी, कोणी पाट्या भोके पाडून तयार करी, कोणी चौकटी ओती. या सर्वांतून जे ओबडधोबड पण चालते यंत्र बने, त्याला तेथे कच्चे यंत्र म्हणत. ते पॅरिसला जाई. तेथे त्याला घासूनपुसून, जुळवून, मुलामा देऊन पूर्ण करीत. माथ्यावरचे फिरते चाक आणि त्याची पाटी तिसऱ्याच ठिकाणची, पूर्वेकडच्या डोंगराळ फ्राँश-काँते प्रांतातली किंवा सरहद्दीपलीकडच्या स्वित्झर्लंडमधली. लेपे नावाचा १८३९ साली निघालेला कारखाना त्या भागातला आणि या कामात नावाजलेला. म्हणजे एका वीतभर वस्तूत तीन मुलुखांतले हात, आणि तबकडीवर चौथ्याच मुलुखातल्या दुकानदाराची सही.

पॅरिसचे मोठे कारखानदार निदान आपली खूण मागच्या पाटीवर ठोकीत. ज्यांच्या घरी असे घड्याळ असेल त्यांनी मागचे दार उघडून बारकाईने पाहावे. लंबगोलात पोपट आणि दोन अक्षरे दिसली तर ते आंरी झाको याचे. मधमाश्यांचे पोळे दिसले तर मार्गेन. दोन अक्षरांच्या मध्ये इवलेसे प्रवासी घड्याळच कोरलेले असले तर द्रोकूर, आणि दोन बाजूंना साप असले तर रिशार. यांतील द्रोकूर हे नाव जाणकार फार आदराने घेतात, आणि काम तसे आहेही. पण द्रोकूरकडे येणारी कच्ची यंत्रे सँ-निकोलातील होलिंग घराण्याकडची असत, हे किती जणांना ठाऊक असते? आणि होलिंगांच्या हाताखाली जो चाके घाशीत बसला होता त्याची तर खूणही नाही.

फ्राँश-काँतेचा उल्लेख आला म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. त्या प्रांताचे मुख्य शहर ब्झांसाँ हे फ्रान्सच्या घड्याळधंद्याचे माहेर. तेथे लिप नावाचा मनगटी घड्याळांचा कारखाना होता. १९७३ साली मालकांनी कामगारकपातीचा बेत केला, आणि तो कागदोपत्री कामगारांच्या हाती लागला. त्यांनी कारखाना ताब्यात घेतला, तयार घड्याळे नेऊन लपविली, आपल्याच देखरेखीखाली काम सुरू केले, घड्याळे विकली आणि त्यातून पगार वाटला. ऑगस्टमध्ये पोलिसांनी त्यांना हुसकले, तर सप्टेंबरअखेर त्यांच्या पाठिंब्याला एक लाखाच्या आसपास माणसे भर पावसात रस्त्यावर आली. पुढल्या वर्षी तडजोड झाली, आणि दोनतीन वर्षांत ती नवी व्यवस्थाही बुडाली; ते आम्ही झाकून ठेवीत नाही. पण त्या लढ्याचा पुढारी शार्ल प्याझे हा घड्याळजीचा मुलगा होता आणि स्वतः कारखान्यात खपलेला. ज्याने घड्याळ घडविले त्याचे नाव घड्याळावर नसले तरी वर्तमानपत्रावर आले, असे एकदा तरी झाले.

प्रवासी घड्याळांचे मोठे गिऱ्हाईक इंग्रज. त्यांचे स्वतःचे कारागीर अशी घड्याळे करीत, ती भक्कम पण फार महाग. म्हणून सामान्य सुखवस्तू इंग्रज फ्रेंच माल घेई. १८६९ साली सुएझचा कालवा खुला झाल्यावर बोटीची वाट जवळ झाली आणि असा माल हिंदुस्थानात सहज येऊ लागला. साहेबाच्या सामानात चामडी पेटी, पेटीला पुढून सरकते झाकण, झाकणामागे काच आणि काचेमागे हे घड्याळ. आपले नांदगाव त्या साहेबांच्या वाटेवर होते, हे नव्या पिढीला सांगितले पाहिजे. मनमाडहून औरंगाबादकडे निजामाची रेल्वे १९०० च्या सुमारास सुरू झाली. तोपर्यंत वेरूळची लेणी पाहावयाची तर मुंबईहून येणारा प्रवासी नांदगावच्या स्टेशनावर उतरे आणि पुढले चाळीसएक मैल टांग्याने जाई. त्या रस्त्याचे धक्के लंबकाच्या घड्याळाने सोसले नसते, एवढे आम्ही खात्रीने सांगतो.

पण त्या प्रवाशाने नांदगावास उतरून घड्याळ लावावयाचे कशावरून? येथे मोठा घोटाळा होता. सूर्यावरून पाहिले तर नांदगाव मुंबईच्या सुमारे सात मिनिटे पुढे. रेल्वे चाले मद्रासच्या वेळेवर, ती मुंबईच्या ३० मिनिटे पुढे. १९०६ च्या जानेवारीपासून सरकारने सबंध देशाला एक वेळ ठरविली, ती मुंबईच्या ३९ मिनिटे पुढे. आजही आपल्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा नांदगावचा सूर्य माथ्यावर आलेला नसतो. ऋतुमानाचा थोडा फरक सोडला तर तो सरासरी ३१ मिनिटांनी येतो. आपल्याला त्याचे काही वाटत नाही. पण १९०६ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना फार वाटले, कारण गिरणीचे घड्याळ ३९ मिनिटे पुढे सारले आणि भोंगा त्याच आकड्यावर ठेवला, की कामगाराला ३९ मिनिटे आधी अंधारात घर सोडावे लागणार. आदल्याच वर्षी गिरण्यांत विजेचे दिवे आल्याने दिवस लांबला होता, त्यावर हे. कित्येक हजार कामगारांनी मागांना हात लावण्याचे नाकारले, गिरण्यांवर दगड पडले. जेकब ससून गिरणीचे नाव या प्रकरणात येते. शहरातल्या पांढरपेशांनीही हजारोंच्या सह्यांचे अर्ज केले. मुंबई महापालिकेने आपल्यापुरती जुनी मुंबई वेळ धरून ठेवली ती थेट १९५५ पर्यंत. काचेच्या पेटीतले घड्याळ कितीही खरे चालो, काटे कोठून सुरू करावयाचे हे ते आपण होऊन ठरवीत नाही.

पहिल्या महायुद्धात सँ-निकोलातले कारखाने तोफगोळ्यांचे सुटे भाग करू लागले आणि युद्धानंतर प्रवासी घड्याळांची मागणी परत आली नाही. मनगटी घड्याळाने प्रवास सोपा केला होता. द्युव्हर्द्रे ए ब्लोकेल या तेथल्या कारखान्याने बेयार नावाची गजराची घड्याळे काढून बरीच वर्षे तग धरला. १९८० नंतरच्या दशकात तोही मिटला. आज त्या गावात घड्याळांचे संग्रहालय आहे.

अशी घड्याळे आपल्या भागातल्या एखाद्या जुन्या घरी अजून असतात, बहुधा बंद. ती ज्यांच्याकडे असतील त्यांना दोन व्यवहाराच्या गोष्टी सांगतो. चौकटीला चिंच किंवा पितांबरी लावू नये. वरचा सोन्याचा मुलामा एकदा गेला की गेला. आणि यंत्रात खोबरेल किंवा शिवणयंत्राचे तेल सोडू नये. ते थिजून धूळ धरते आणि त्या धुळीने दांडे झिजतात.

आमच्या परिचयाचे एक वयोवृद्ध घड्याळजी आहेत. त्यांच्याकडे काही वर्षांपूर्वी असे एक घड्याळ दुरुस्तीला आले, तेव्हा त्यांनी मुद्दाम आम्हांला बोलावून घेतले. तबकडी काढली, पाट्या सोडविल्या, कमानी त्यांच्या डब्यांतून बाहेर काढल्या. कमान करणारे पुष्कळदा तिच्या टोकाशी नाव आणि महिना-साल खरवडून ठेवीत, तसे या कमानीवर होते. अक्षरे झिजली होती, साल मात्र १८८३ असे वाचता आले. मग त्यांनी तबकडीच्या मागची पाटी उजेडात तिरपी धरली. दुरुस्ती करणाऱ्यांनी सुईने कोरलेल्या तीन खुणा तिच्यावर होत्या. दोन इंग्रजी, नुसती अक्षरे आणि तारीख. तिसरी देवनागरीत, "साफ केले, माघ, शके १८४५". खाली नाव नव्हते. घड्याळजींनी सगळे भाग धुऊन, पुसून परत जोडले, चावी दिली, माथ्यावरची कळ दाबून चार टोले ऐकले, आणि पाटी बसविण्यापूर्वी आपली तारीख त्या तिसऱ्या खुणेखाली घातली होती की नाही ते पुन्हा एकदा आठवून पाहिले. घातली होती. या वेळी आम्ही त्यांना नावही घालावयास लावले होते.